तांब्याभर पाणी

वर्तमानपत्रावर एक कार्बोरेटर, दोन जेट आणि चार प्लग मांडले होते. "ही जुनी गाडी सुरू करून दाखवतो," बाबा म्हणाले होते, "मग मला इथे एकटं राहू द्यायचं. नाहीतर निमूट तुझ्याकडे येईन."

आम्ही सगळं रॉकेलने धुऊन परत बसवलं. संध्याकाळ झाली. बॅटरी थकली, आम्हीही थकलो. इंजिन फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही.

"रेडिएटरमध्ये पाणी तरी आहे ना?" मी विचारलं.

"रोज सकाळी तांब्याभर घालतो. विसरायला मी काय तुझा नवरा आहे?"

मला हसू आलं. रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आत खडखडीत कोरडं.

"कुठे घालता, दाखवा बरं."

बाबा तांब्या उचलून गाडीच्या मागे गेले आणि त्यांनी सवयीने पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं.

मी त्यांच्या हातातून तांब्या घेतला. टाकीच्या तळाचा बोल्ट काढून सगळं बादलीत ओतून घेतलं, ढवळून त्यातून मापाची बाटली भरली आणि निवळू दिली.

वर पेट्रोल, दोनशे मिलिलिटर. खाली पाणी, आठशे.