काटेरी बोंडं

अमेरिकेतल्या मुलाच्या अंगणात कीर्तनकार बुवा रोज सकाळी अभंग गुणगुणत स्वीटगमच्या झाडाखाली पडलेली काटेरी बोंडं वेचायचे. बायकोची रक्षा खड्ड्यात घालून बापलेकांनी मिळून लावलेलं झाड ते! शरद आला की तिच्या शालूसारखं लालेलाल व्हायचं.

एके दिवशी नातवाच्या तळव्यात बोंड रुतलं आणि मुलाने झाड तोडणारी माणसं बोलावली.

“अरे, तुझी आई आहे रे तिथे!” बुवा कळवळले.

“बाबा, ‘देह म्हणजे माती, तिला काय कवटाळता?’ जन्मभर कीर्तनात हेच सांगत आलात ना?”

गावोगावच्या शंकेखोरांना निरुत्तर करणारे बुवा पाठ फिरवून घरात गेले.

दुसऱ्या सकाळी सवयीने टोपली घेऊन ते बाहेर आले. झाड गेलं होतं, अंगण लख्ख झाडलेलं होतं. अभंग ओठांवर आला, तो त्यांनी गिळला.