तिसऱ्या पानावरची सही

"पाय घसरला," हंबीरराव म्हणाले. "हिरीवर धुणं धुताना. लिवा."

शिवांजलीने लिहिले. वर्षभरात गेलेल्या माणसांच्या घरी जायचे, मरण कसे आले ते विचारायचे आणि फॉर्म भरायचा, हे तिचे काम. मिरजेहून निघून कडेगावच्या बाजूला आज तिचे हे तिसरे घर होते; हंबीररावांची थोरली मुलगी अश्लेषा विहिरीत बुडून गेली होती.

"काका, नाव कुठंच जात नाही. फक्त आकडा जातो. कुणी स्वतःहून जीव दिला असला, तरी..."

"आमच्यात तसलं न्हाई." आवाज चढला नव्हता. पलटणीत वीस वर्षे काढलेला माणूस. "धाकटीचं लगीन पंधरा दिसांवर आलंय, बाई."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला.

"अश्लेषाताई माहेरी कधीपासून होत्या?"

"दिवाळीपास्नं."

"गप्प गप्प असायच्या का?"

"न्हाई."

"पोहता येत होतं?"

"न्हाई."

हंबीररावांच्या पत्नी रंगूबाई चहा घेऊन आल्या. शिवांजलीची नजर खुंटीवरच्या वाळक्या भोपळ्याकडे गेली. त्याला दोरी बांधलेली होती.

"बियाण्याचा का, काकू?"

"न्हाई वं. पवायला शिकताना कमरंला बांधायचा. थोरलीनं चौथ्या दिशीच सोडून फेकला. हे म्हणायचे, पोरगी हाय का मासा..."

"रंगू," हंबीरराव म्हणाले.

त्या पदर तोंडाशी धरून आत गेल्या.

शिवांजलीने मान खाली घालून उरलेला फॉर्म भरला आणि सहीसाठी पुढे केला. हंबीररावांनी चष्मा लावला. एकेक ओळ बोटाने वाचत गेले. तिसऱ्या पानावर, पोहण्याच्या प्रश्नाशी, बोट थांबले. चहा निवला, वर साय धरली.

मग त्यांनी पेन मागून घेतले. 'नाही' शब्दावर एक सरळ रेघ मारली. वर 'होय' लिहिले आणि शेजारी सही केली.

"खाडाखोड केली की बाजूला सही लागती," ते म्हणाले. "पलटणीचा नियम हाय."

शेवटच्या पानावर कारणाच्या चौकटीत 'अपघात' लिहिलेले होते. त्याला त्यांनी हात लावला नाही. त्याच्या खालीही सही केली, टोपण लावून पेन परत दिले.

शिवांजली उठली. पायरीपर्यंत तेही आले.

"तळाचा खडा घिऊन वर यायची," ते म्हणाले. "दर बारीला."