सुतकातली ओवी
भूकंपात सिंधूची जाऊ गेली, अजून सुतक फिटलं नव्हतं. तरी सिंधूनं पत्र्याच्या शेडसमोर रेडिओ लावला. भाषण झालं, कविता झाल्या, श्रुतिका संपली. आता जात्यावरच्या ओव्या लागणार होत्या. उन्हाळ्यात रेडिओवाल्यांनी गावात येऊन जावेच्या तोंडून त्या टेप केल्या होत्या. "वैनी, बंद करा," दीर म्हणाला. "सुतकात गाणं? लोक तोंडात शेण घालतील." "घालू द्या. फोटोबी ढिगाऱ्यात गेला तिचा. आवाज तेवढा उरलाय, भाऊजी. मी न्हाई बंद करणार." निवेदिकेनं जिवंत माणसाला हाक मारावी तसं जावेचं नाव घेतलं. ओवी सुरू झाली. दीर रेडिओजवळ येऊन बसला. शेजारच्या शेडमधून म्हातारा कडाडला, "कुणाला गाणं सुचून राहिलं? बंद करा!" दिरानं रेडिओ मांडीवर घेतला. आवाज वाढवून तो ओरडला, "माझी बायको गाऊन राहिली, तात्या. गुमान ऐका!"