स्कूटरवरचा चहा

“बारमधून लोकांना फिरवता, तर तुमचे बाबा रागावत नाहीत?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शाळेच्या ऑनलाइन तासाला मी विचारूनच टाकलं! पडद्यावरच्या स्कॉटिश ताई त्यांच्या समुद्रकाठच्या छोट्याशा गावातले पब पाहुण्यांना पायी फिरून दाखवतात. त्या खळखळून हसल्या. “रागावले ना, दोन दिवस! तिसऱ्या दिवशी माझ्या टोळीत सगळ्यांत पुढे तेच चालत होते.” संध्याकाळी आई, बाबा आणि मी सुपेल्याच्या बाजारात चहाला थांबलो. बाबा ठेल्यापाशी स्टील प्लांटमधल्या मित्रांसोबत उभे, आई नेहमीसारखी स्कूटरवरच बसून कपाची वाट पाहत होती. “उतर ना, आई.” “बाया उभ्या रायतेत का तिथं? लोक काय म्हणतीन!” मी तिचा हात धरून तिला थेट बाबांसमोर आणलं. “बाबा, रविवारी मी मैत्रिणींले सुपेल्यातले पाच चहाठेले दाखवाले पायी नेऊन राहिली. सुरुवात आईपासून, आजच. सरका जरा!”