आगमन झालेले आहे

"माजी सरपंच लालासाहेब सावंत यांचे आगमन झालेले आहे," मंगल कार्यालयाच्या दारातल्या मशीननं गोड आवाजात सांगितलं आणि नवरीचे मामा कमानीखालीच थबकले.

मुहूर्त बारा पस्तीसचा होता. लालासाहेब नेहमी मांडव भरल्यावरच येत. नाव पुकारलं की सगळ्यांनी ऐकलं पाहिजे, एवढीच त्यांची इच्छा. आज सगळ्यांनी ऐकलं. अकरा मतांनी निवडणूक गेली त्याला दोन वर्षं झाली होती, पण तोंडावर 'माजी' म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. लालासाहेब वळले आणि थेट गाडीत जाऊन बसले.

मशीन सुरू व्हायच्या आधीच येऊन तिसऱ्या रांगेत बसलेल्या धनपाल चौगुलेला मनातून उकळ्या फुटल्या. आष्ट्यातल्या लग्नांत तीस वर्षं माईक त्याच्या हातात होता. पिठाच्या गिरणीवाल्याला तो उद्योगपती करायचा, दोन म्हशीवाल्याला प्रगतशील शेतकरी. नाव घ्यायच्या आधी क्षणभर थांबायचा. तेवढ्यात लोकांच्या माना वळायच्या आणि येणारा गडी आपोआप छाती काढून चालायचा. या लग्नाला मात्र नवरीचे वडील जयराज म्हणाले होते, "आण्णा, तुमी पाव्हण्यागत बसा. आमच्या सूरजनं एआय आणलाय. कॅमेऱ्यात तोंड दिसलं की नाव पुकारतंय." आज हे मशीन नीट चाललं, तर सगळी लगीनसराई धनपालला पाव्हण्यागतच बसावं लागणार होतं.

जयराज पळतच त्याच्याकडे आले. "आण्णा, उठा की! पाव्हणं गाडीतनं उतरंनात. मामा न्हाई तर पोरीला बोहल्यावर आणायचं कुणी?"

धनपाल सावकाश उठला. टोपी सारखी केली. एवढी गडबड चालली होती, तरी त्यानं टोपीला पुरेसा वेळ दिला. मागून सूरज लॅपटॉप सांभाळत आला.

"माजी कुणी लिहिलं रं?"

"मी न्हाई, आण्णा. त्यानंच कुठनं तरी शोधून घातलं. जे खरं हाय ते सांगतंय."

"खरं ऐकायला कोण लग्नाला येतंय व्हय? काढ ते, लोकप्रिय घाल."

सूरजनं उभ्या उभ्याच तसं केलं. धनपालनं गाडीच्या काचेवर टकटक केली. काच चार बोटं खाली आली.

"आवं सरपंच, चला. शब्द काढलाय."

"आन् परत तेच म्हणालं तर?"

"मी पुढं हुतो. तुमी माझ्या मागनं या."

दोघं निघाले. धनपाल कमानीखाली आला.

"माजी निवेदक धनपाल चौगुले यांचे आगमन झालेले आहे."

धनपालचा पाय पुढं पडेना. काम जाणार हे त्याला ठाऊक होतं, पण ते असं, आपल्याच माईकवरून, चारशे माणसांत ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. सूरजनं जीभ चावली. "आण्णा, आजपास्नं तुमचं काम त्याच्याकडं, एवढंच सांगितलं हुतं मी..."

मागं लालासाहेबांना मात्र असं हसू फुटलं, की फेटा कानावर आला.

"आण्णा, तुला बी पाडलं व्हय? किती मतांनी?"

धनपाललाही हसू आलं. त्याच्या खांद्यावर हात टाकून लालासाहेब आत शिरले, मशीननं त्यांना 'लोकप्रिय सरपंच' केलं, आणि ते भाचीला घेऊन वेळेवर बोहल्यावर पोचले. अक्षता पडल्या.

जेवणं सुरू झाल्यावर सूरज धनपालजवळ येऊन बसला. "आण्णा, चुकलं माझं. तुमच्या नावापुढचं बी काढतो."

चप्पल जागेवर आहे का बघून येतो म्हणून धनपाल बाहेर गेला. परत आला तेव्हा मशीन म्हणालं, "माजी निवेदक धनपाल चौगुले यांचे आगमन झालेले आहे." जेवणाऱ्यांतल्या दोघा-चौघांनी घास हातात धरून वर बघितलं. धनपालनं त्यांना हात जोडले. तीस वर्षांत त्यानं हजारो माणसांची नावं पुकारली होती. त्याचं नाव माईकवरून कुणी घेतलं नव्हतं.

"काढू का, आण्णा?" सूरजनं लॅपटॉप उघडला.

"ऱ्हाऊ दे." धनपालनं पुन्हा टोपी सारखी केली. "फकस्त नावाच्या आधी जरा थांबायला शिकीव त्याला. मी परत बाहेर जाऊन येतो."