कॅप्टनचे डोळे

पानावर एकच जागा रंगाविना होती. कॅप्टन आस्त्राची बुबुळं. यान तांबूस, मागचं आकाश जांभळं, ओठ जवळजवळ काळे; बुबुळांच्या जागी मात्र कोरा कागद आणि मधोमध बाहुलीचा बारीक ठिपका.

मादाम ऑर्टान्स भिंगातून तो ठिपका पाहत होत्या. त्यांचा मूकपटांतला चेहरा घेऊन फेर्नांदने ही अंतराळातली चित्रकथा काढली होती. परवानगीसाठी तो ईस्टरपासून ब्रसेल्समधल्या त्यांच्या या स्वयंपाकघरात येत होता. दर वेळी कॉफी मिळे, बिस्किटं मिळत, उत्तर तेवढं मिळत नसे. आता साप्ताहिकाने सोमवारची मुदत दिली होती. तोवर होकार आला नाही, तर कॅप्टनचा चेहरा बदलायचा. म्हणून आज त्याने बायकोलाही आणलं होतं. रंग लिव्हनेच भरले होते.

"डोळे कोणी केले?" मादामनी विचारलं.

"मी," लिव्ह म्हणाली. "तुमचे मिळतील तेवढे सिनेमे पाहिलेत मी. प्रत्येकात ते असेच दिसतात. म्हणून तर आम्ही तिला दुसऱ्या ताऱ्यावरची केली."

मादामनी भिंग खाली ठेवलं आणि मान वर केली. लिव्हचा कप बशीवर वाजला.

त्यांचे डोळे गर्द निळे होते.

"फेर्नांद!" लिव्ह नवऱ्याकडे वळली. "इतके महिने येतोयस, आणि मला सांगितलं नाहीस?"

"यांच्या डोळ्यांकडे बघायची हिंमत कुठे होती माझी?" फेर्नांद कॉफीकडे बघत पुटपुटला. "मी आपला बिस्किटं खात होतो."

मादाम मोठ्याने हसल्या.

"त्या वेळच्या फिल्मला निळा रंग कळायचाच नाही, पोरी. निळं तेवढं सगळं पांढरं. म्हणून शॉटच्या आधी माझ्यासमोर काळी मखमल धरायचे. तिच्याकडे टक लावून पाहिलं की बाहुली पसरते, डोळा माणसाचा दिसतो. एका सकाळी मी म्हटलं, न्या ते फडकं. सगळे ओरडले, भूत दिसशील म्हणून."

"मग?"

"दिसले. लोक घाबरून घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना घेऊन परत आले."

लिव्ह हसली नाही. मादाम दुरुस्त्या सांगतील म्हणून आणलेली रंगपेटी तिने उघडली, कुंचला ओला केला. "सगळ्या पानांवर निळा भरते. आत्ताच. लाज वाटते मला."

"मग ती इथल्याच, आपल्या शार्बेकच्या गल्लीतली वाटेल," फेर्नांद म्हणाला. "सगळी गोष्टच बदलावी लागेल."

"तू गप रे. बदलू."

कुंचल्याच्या टोकावर निळा थेंब जमला. तो कागदावर टेकणार, एवढ्यात मादामनी आपला सुरकुतलेला तळवा कॅप्टनच्या चेहऱ्यावर ठेवला. थेंब त्यांच्या नखावर पडला. त्यांनी तो पुसला नाही.

"निळे माझे," त्या म्हणाल्या. "पांढरे तिचे. दे छापायला, फेर्नांद."