दाण्याएवढी जागा

गेनबाचा थरथरणारा हात थांबला, आणि त्याच क्षणी त्याची जीभ जड झाली.

"तुमच्या गावच्या एसटीचे थांबे पुन्हा म्हणा," डॉ. शुभ्रा म्हणाल्या.

"नथलापूल, आंबवने, माल्गाथनी..."

मघाशी नीट म्हटलेली नावं आता बोबडी झाली होती. गेनबा टेबलावर टक्क जागा होता. कंपवाताच्या या ऑपरेशनमध्ये माणसाला जागंच ठेवावं लागतं. कवटीला पाडलेल्या भोकातून एक बारीक तार मेंदूत खोल उतरवली होती. तिला गाठायचा होता वालाच्या दाण्याएवढा एक गोळा. त्याला वीज मिळाली की थरथर थांबते. पण त्याच्या बाहेरच्या अंगाला जीभ हलवणारे तंतू चिकटून जातात आणि आतल्या अंगाला डोळे फिरवणारे.

पहिल्या वाटेनं तार घातली, तेव्हा गेनबाला एकाचे दोन दिसू लागले. दुसऱ्या वाटेनं हात थांबला, तर बोलणं गेलं. पुस्तकातल्या चित्रात तो गोळा किती सुटा, स्वच्छ दिसायचा! शुभ्रांनी विजेचा जोर कमी केला. हात थरथरला. वाढवला. पुन्हा माल्गाथनी.

भूलतज्ज्ञानं घड्याळाकडे पाहिलं. शुभ्रांना त्याचाही राग आला. "भोरची डाक्टरीण म्हंजी आपलीच," असं म्हणून गेनबा भोरजवळच्या पालीहून त्यांच्याकडे आला होता. आता तिसरी वाट काढायची, तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. तरी तार मागे घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

गेनबा काहीतरी बोलला. कळलं नाही. तो पुन्हा बोलला, चिडून. शुभ्रांनी वीज बंद केली. हात थरथरू लागला, जीभ सुटली.

"काढू नगा. तितंच ऱ्हाऊ द्या."

"अहो, बोलणं असंच जड राहील. घरात कुणाला काही कळायचं नाही."

"जड तर जड. आमची मंगल जल्माची बहिरी हाय. लगीन झाल्यापास्नं आमी दोघं हातानंच बोलतो."

शुभ्रांनी तार तिथंच पक्की केली.

टाके वाळल्यावर तारेला वीज पुरवणारं, छातीत बसवलेलं यंत्र सुरू करायचं होतं. त्या दिवशी लेक स्नेहल आईलाही घेऊन आली. शुभ्रांनी वीज सोडली. गेनबाचा उजवा हात मांडीवर शांत झाला. त्यानं तो जपून उचलला आणि बायकोकडे बघत बोटं हलवली. मंगल टक लावून बघत राहिली. मग एकदम तिचे दोन्ही हात भराभर चालू लागले.

"काय म्हणतात?" शुभ्रांनी विचारलं.

स्नेहलनं डोळे पुसले.

"आई म्हनती, किती दिस नुसतं बोबडं बोलत हुता तुमी. आज नीट बोललासा."